निवटोबाचा रिकामा फुगा

मित्रांनो, मी पाट. जेवताना खाली घेतात ना, तोच. तुमच्यापैकी काहींनी मला फक्त लग्नाच्या फोटोत, नवरीच्या खाली पाहिले असेल. मी जुना आहे, एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पण अजून डुगडुगत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर पाण्याचे पिंप ठेवल्याची हकीकत येणार आहे आणि तेव्हा तुम्हाला माझी कीव येईल. कीव नको, नुसते ऐका.

लाकूड म्हणाल तर मी सागाचा. पण मी स्वतःला होडीचाच समजतो. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात भिवाजी नावाचे म्हातारे कोळी होते. त्यांची होडी कितीतरी वर्षे खाडीत हिंडली. पुढे खाडीतली मासळी कमी होत गेली, होडीही थकली, आणि शेवटी ती मोडावी लागली. त्या दिवशी भिवाजी जेवले नाहीत म्हणतात. तिच्या तळाची एक फळी मात्र खणखणीत निघाली. राघो सुताराने ती तासली, खिळ्याचे भोक बुजवले, खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि माझा पाट झाला. भिवाजींच्या बायकोला, म्हणजे आवडाबाईंना, तेव्हापासून दुसऱ्या पाटावर घास गोड लागेना. घरात आणखी पाट होते, पण त्या मासळीबाजारातून आल्या की हातपाय धुऊन माझ्यावरच बसायच्या. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

ऐंशीनंतरच्या एका वर्षी त्यांच्या मुलाचे, चंदूचे, लग्न झाले. चंदू खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. त्याची बायको मंजुळा शहाडची. उल्हास नदीच्या काठी वाढलेली, शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली, आणि हातात काही नसले तर बोटाने हवेत रेघोट्या मारणारी. हळदीला ती माझ्यावरच बसली होती. हळदीचा एक डाग अजून माझ्या पोटावर, म्हणजे बसायच्या बाजूला आहे.

लग्नानंतर काही दिवसांनी सासऱ्यांनी तिला खाडी दाखवायला नेले. ओहोटी होती. चिखलात निवटे उड्या मारत होते. तुम्ही निवटे पाहिले आहेत का? बोटाएवढा मासा, डोळे डोक्याच्या वर बसवलेले, आणि पाणी सोडून चिखलावर असा फिरतो की जणू गावचा पाटीलच. मंजुळाने नदीतले मासे पाहिले होते, पण हा प्रकार नवा होता. ती हसत हसत घरी आली, मला उलटे केले, चुलीतला कोळसा घेतला आणि माझ्या पाठीवर दोन पट्ट्यांच्या मधे एक निवटा काढला. त्याला तिने कोळ्याची टोपी घातली. भिवाजींनी पाहिले आणि म्हणाले, हा तर निवटोबा. पुढे तिने त्याच रेघांवर शाई फिरवली. तो आजही माझ्या पाठीवर आहे.

तिथून माझी नोकरी दुहेरी झाली. माझे पोट घराकडे आणि पाठ निवटोबाकडे. त्या दोन पट्ट्यांच्या मधे कागद अगदी नेमका बसायचा. मंजुळा मला उलटे करून मांडीवर घ्यायची, चार टाचण्या ठोकायची आणि चित्रकथा काढायची. निवटोबा, त्याची चिंबोरीमावशी, आणि दोघांवर टपलेला एक आळशी बगळा. छापणार कोण? कोणी प्रकाशक नव्हता आणि तिने शोधलाही नाही. नौपाड्यात एका टायपिंग क्लासमध्ये सायक्लोस्टाइलचे यंत्र होते. मंजुळा चित्रे स्टेन्सिलवर गिरवायची, चंदू डेपोतून सुटला की यंत्राचा दांडा फिरवायचा, आणि पाने घरी आली की सगळेजण घड्या घालायला बसायचे. भिवाजी टाचण्या मारायचे. डेपोबाहेरच्या सीताराम पेपरवाल्याकडे 'निवटोबा' दोरीला लटकायचा, आणि मुरबाड-शहापूरकडचे कंडक्टर आपापल्या पोरांसाठी तो नेत.

मंजुळाची काम करायची एक तऱ्हा होती, ती लक्षात ठेवा. ती चित्र काढताना बोलण्याचा फुगा आधी काढायची आणि आत काही लिहायची नाही. शब्द तिला चित्रापाशी सुचतच नसत. ते सुचायचे मासे साफ करताना, भात वैरताना, कपडे पिळताना. मग हात पुसून ती धावत यायची आणि फुगा भरायची. त्यामुळे तिच्या कागदांवर नेहमी रिकाम्या फुग्यांची गर्दी असे.

हे सगळे ऐकायला छान वाटते, पण घर म्हटले की भांड्याला भांडे लागतेच. आवडाबाई बाजारातून भुकेल्या यायच्या आणि त्यांचा पाट सुनेच्या मांडीवर उलटा पडलेला. वर शाई ओली. आता बसायचे कुठे? त्या टोपली धरून नुसत्या उभ्या राहत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. कधी रेघ मारण्याच्या नादात भात करपायचा. चंदू ताटाकडे बघून म्हणायचा की आजचा भात चायना इंकमध्ये शिजवलेला दिसतोय. सगळे हसायचे, पण मंजुळाच्या मनाला ते लागायचे. आपण दोन्हीकडे अर्ध्याच पुरतो, असे तिला वाटे. खरे सांगायचे तर मलाही माझी पाठ मोकळी मिळाली तर बरे, असे कधी कधी वाटायचे.

भिवाजी एका पावसाळ्यात गेले. त्यानंतरच्या वर्षी मंजुळाला मुलगी झाली. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झाले आणि आवडाबाईंनी ते सख्ख्या लेकीसारखे केले. पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून पाटावर पाटा-वरवंटा मांडतात, दिवा लावतात आणि सटवाईसाठी कोरा कागद नि लेखणी ठेवतात. तो मान अर्थात माझा होता. आवडाबाईंनी मंजुळाच्या सामानातून एक जाडसर चांगला कागद काढला. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू वाढत होता. त्यांनी कागदावरून हात फिरवून पाहिला, गुळगुळीत लागला, आणि तो कोरा समजून दिव्यापाशी ठेवला. घरातलाच टाक बाजूला ठेवला.

सकाळी खिडकीतून ऊन आले आणि शेजारच्या बायका बाळ बघायला वाकल्या. कागद कोरा नव्हता. त्यावर फिकट पेन्सिलीत निवटोबा होता, बिळातून अर्धा बाहेर आलेला, तोंड उघडलेला. तोंडासमोर भला मोठा फुगा. आणि फुगा रिकामा.

बायका हसल्या. मंजुळाही अंथरुणातून हसली आणि म्हणाली की हे माझेच अर्धवट पान आहे. आवडाबाई हसल्या नाहीत. पाचवीचा कागद टाकून कसा द्यायचा? त्यांनी तो घडी करून देव्हाऱ्यात एकवीरेच्या तसबिरीमागे ठेवला. मुलीचे नाव नीला ठेवले.

नीला मोठी गुणी. नारळी पौर्णिमेची मिरवणूक दारावरून गेली, बँडवाल्यांनी अगदी उंबऱ्यापाशी ताशा बडवला, पण हिची झोप मोडली नाही. शेजारच्या हळदीत स्पीकरखाली ती माझ्यावर मुटकुळे करून झोपली. सगळा कोळीवाडा तिचे कौतुक करायचा. किती शहाणी पोर, जराही रडत नाही, आईला काम करू देते. मंजुळा तिला शेजारी ठेवून निवटोबाची पाने काढायची आणि स्वतःला नशीबवान समजायची. आमच्याकडे गलका इतका, की गलक्यात झोपणारे मूल म्हणजे देवाची कृपाच. चूक झाली ती तिथे, आणि ती सगळ्यांची मिळून झाली.

ती कळली माझ्यामुळे. नीला दोन वर्षांची होत आली होती. दाराकडे पाठ करून गोधडीवर शिंपल्यांशी खेळत होती. आवडाबाई जेवणासाठी मला भिंतीपासून उचलत होत्या आणि मी त्यांच्या ओल्या हातातून निसटलो. फरशीवर असा काही आपटलो की माझा कोपरा उडाला. कौलावरचे कावळे उडाले, मंजुळाच्या हातातली पळी पडली, शेजारीण काय झाले म्हणून धावत आली. नीलाने मान वळवली नाही. ती शिंपल्यावर शिंपला ठेवत राहिली. मंजुळा तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने नीलाला हाक मारली. मग आणखी मोठ्याने मारली. मग ती खाली बसली. मित्रांनो, मी होडी होतो तेव्हा वादळे पाहिली आहेत, पण त्या दुपारी त्या घरात जे झाले तसे काही मी पाहिले नव्हते.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. नीलाला ऐकू येत नव्हते, यंत्र लावले तर थोडेसे येईल असे सांगितले. त्या संध्याकाळी आवडाबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. मंजुळा जवळ गेली तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "सटवाईनं त्या फुग्यान काय लिवलंच नाय गो. माज्या हातानं मी रिकामा फुगा ठेवला."

त्यांनी दोष स्वतःला दिला होता. मंजुळाने तो उचलून स्वतःच्या पदरात घेतला. कागद माझा, चित्र माझे, फुगा रिकामा ठेवायची सवय माझी. तिचा सटवाईवर विश्वास होता की नाही, मला सांगता येणार नाही. शिकलेली होती. पण आईचे मन अशा वेळी शाळेत जाऊन आलेले नसते. तिने टाक, शाईची दौत, टाचण्या, उरलेले कागद सगळे एका पिशवीत भरले आणि पिशवी माळ्यावर टाकली. चंदूने अडवले नाही. तो फक्त म्हणाला, "अगं, सीताराम विचारत होता, पुढचा अंक कधी येणार? मी म्हटलं, निवटोबा सुट्टीवर गेलाय."

सुट्टी लांबली. मंजुळाला वेळ तरी कुठे होता? कर्णबधिर मुलांची एक शाळा होती, तिथे ती नीलाला रोज घेऊन जायची. कानाच्या यंत्राची वायर सांभाळायची, आरशासमोर बसून ओठ हलवायला शिकवायची. शाळेतल्या बाई सांगत की मुलीशी बोलताना तिच्याकडे तोंड करून बोला, वाकून बोला, पाठमोरे बोलू नका. चंदू शिकला. मंजुळा शिकली. आवडाबाईंना जमेना. त्या सवयीने चुलीकडे तोंड करून बोलायच्या, नाहीतर मासळीच्या टोपलीकडे, आणि नीला त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. मी आता फक्त जेवणापुरता उरलो होतो. माझी पाठ मोकळी झाली होती आणि मला ती मुळीच आवडत नव्हती.

नीला चार-साडेचार वर्षांची असेल. एके दिवशी मला धुऊन अंगणात उन्हाला उभे केले होते, पाठ बाहेर करून. नीलाने निवटोबा पाहिला. तिने गाल फुगवले, डोळे वटारले आणि टुणकन उडी मारली. मग पुन्हा. खाडीवर आईच्या कडेवरून पाहिलेला निवटा तिने बरोबर ओळखला होता. मंजुळा कपडे वाळत घालत होती. ती हसली, किती दिवसांनी हसली ते तिलाच माहीत. नीला उड्या मारून दमली, पोटावर हात ठेवून आईकडे बघू लागली. भूक लागली होती. मंजुळाने इकडेतिकडे पाहिले, नीलाच्या पाटीचा खडू उचलला आणि निवटोबाच्या तोंडासमोर एक फुगा काढून आत लिहिले: भात. मग ती आत गेली आणि वाटीत भात घेऊन आली.

लगेच चमत्कार झाला असे समजू नका. नीलाने भात खाल्ला आणि फुगा पुसून टाकला. पण दुसऱ्या दिवशी ती मला ओढत ओढत आईपुढे घेऊन आली. मग रोज. भात झाला, पाणी झाले, बाबा झाले, नको झाले. शाळेतल्या चित्रांच्या पत्त्यांवर तिला शब्द दिसायचे, पण ते शब्द कोण कोणाला म्हणते हे कळत नसे. फुग्यात ते कळले. माणसांच्या तोंडातून काहीतरी निघते आणि ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही, एवढे तिला आधीच ठाऊक होते. आता ते कसे दिसते हे तिला समजले. मग तिने घरातले काहीच सोडले नाही. मांजरापुढे फुगा, घागरीपुढे फुगा, झोपलेल्या चंदूच्या उशाशी फुगा. खडूने जमीन पांढरी झाली.

आणि एका दुपारी आवडाबाई माझ्यावर बसून जेवत होत्या, तोंड भिंतीकडे, काहीतरी पुटपुटत. नीला त्यांच्या समोर गेली, जमिनीवर मोठा फुगा काढला, आत काही लिहिले नाही, आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसली. आवडाबाईंनी रिकामा फुगा पाहिला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"मंजुळे, ही काय करतंय गो?"

"आई, तुम्ही काय बोलताय ते ती विचारतेय. जागा ठेवलीय तुमच्यासाठी. तुम्ही सांगा, मी लिहिते."

आवडाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग नीलाकडे वळून म्हणाल्या, "मीठ कमी हाय." मंजुळाने ते फुग्यात लिहिले. नीलाने अक्षरांवर बोट फिरवले, उठली आणि मिठाची बरणी घेऊन आली. आजी-नातीचे ते पहिले बोलणे. त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्तच पडले आणि डोळ्यांतले पाणीही.

रात्रीच्या जेवणाआधी आवडाबाईंनी चंदूला माळ्यावरची पिशवी काढायला सांगितली.

निवटोबा परत आला तो असा. आता त्याला एक सोबतीण मिळाली, शिंपल्यांचा डोंगर रचणारी एक छोटी मुलगी, जी त्याचे बोलणे वाचायची. मंजुळाची ओढाताण संपली असे मी म्हणणार नाही. भात अजूनही करपायचा. शाळा, स्वयंपाक, नीलाचे आजारपण यांत एखादा अंक महिनोन्महिने रखडायचा. पण आता ती एका हाताने घर आणि दुसऱ्या हाताने निवटोबा असे करत नव्हती. आवडाबाई कोळंबी सोलता सोलता खाडीतल्या गोष्टी सांगायच्या, त्या अंकात यायच्या. चंदू दांडा फिरवायचा. फुगे नीला काढायची, तिच्याइतका गोल फुगा कोणाला जमत नसे. आणि माझ्याबद्दल घरात एक नियम ठरला. ताटे मांडली की पोट वर, ताटे उचलली की पाठ वर. आवडाबाई स्वतः मला उलटे करून सुनेच्या मांडीवर ठेवायच्या.

पुढे कोळीवाड्यातले घर सोडून चंदूने घोडबंदर रोडला नव्या इमारतीत जागा घेतली. तिथे जेवायला टेबल आले, त्याने माझे पोट रिकामे केले. मंजुळासाठी उतरते ड्रॉइंग टेबल आले, त्याने माझी पाठ रिकामी केली. आणि मला मोरीत पाण्याच्या पिंपाखाली घातले. कोणी मुद्दाम केले नाही. जागा कमी, पाण्याची वेळ ठरलेली, पिंपाला उंची हवी. मी रागावलो होतो, पण पिंपाखालचा राग कोणाला दिसतो? निवटोबा खाली तोंड करून ओलीत पडला. चिखलात राहणारा तो, त्याला सवय असेल. मला नव्हती.

आवडाबाईंना खुर्चीवर बसून जेवण जाईना. पाय लोंबकळतात म्हणायच्या. त्या थकल्या, मग खाटेला लागल्या. नीला तेव्हा दहाएक वर्षांची होती, मोठ्या मुलांच्या वर्गात जायची, यंत्र लावून आणि ओठ वाचून घरच्यांशी बोलायची. एका सकाळी आवडाबाईंनी चंदूला सांगितले की माझा पाट आण. चंदूने पिंप उपसले, मला काढले, घासले, उन्हात वाळवले. मग त्यांनी मला खाटेजवळ मांडायला लावले, दिवा लावायला लावला, आणि एकवीरेच्या तसबिरीमागून तो कागद काढायला लावला. घडीवर पिवळा पडला होता. निवटोबा अजून तोंड उघडून उभा होता. त्यांनी कागद माझ्यावर ठेवला आणि मंजुळाचा टाक बाजूला ठेवला, त्या रात्री ठेवला होता अगदी तसा.

मग नीलाला समोर बसवून त्या सावकाश म्हणाल्या, "सटवाई तवा लिवायची रायली. आता तू लिव."

नीलाने आजीचे ओठ पाहिले. कागद पाहिला. मंजुळा दाराशी उभी होती, तिने काही सुचवले नाही. नीला माझ्यावर वाकली. तिच्या हाताचा भार मला जाणवत होता. आवडाबाईंनी तोंड खिडकीकडे वळवले, बहुतेक डोळे लपवायला.

टाक थांबला. आवडाबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी खिडकीकडे बघतच विचारले, "काय लिवलान?"

मंजुळाने जवळ येऊन वाचून दाखवले. फुग्यात लिहिले होते: "आजी, माझ्याकडे बघून बोल."

आवडाबाईंनी तोंड वळवले. दोन्ही हातांनी नीलाचे तोंड धरले आणि तिच्याकडे बघून बोलायला लागल्या. लग्नाचे, होडीचे, भिवाजींचे, पाचवीच्या त्या रात्रीचे. त्या दिवशी त्या इतके बोलल्या की चंदू कामावर गेला नाही. अर्धे शब्द नीलाला समजले नसतील, बोली जुनी आणि आवाज बारीक. पण तिने नजर हलवली नाही.

आवडाबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. मी पुन्हा पिंपाखाली गेलो नाही. नीला मला मांडीवर उलटे घेऊन बसते, माझ्या जुन्या भोकांत टाचण्या ठोकते आणि चित्रकथा काढते. फुगे आधी, शब्द मागाहून, आईसारखेच.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादा पाट असेल, मोरीत, माळ्यावर, गॅसच्या सिलिंडरखाली. त्याला एकदा बाहेर काढा आणि उन्हाला ठेवा, दोन्ही बाजूंनी. आणि घरात कोणी म्हातारे, कोणी लहान, कोणी आपल्या कामात बुडालेले असेल, तर त्यांच्याशी चुलीकडे, टीव्हीकडे तोंड करून बोलू नका. वळून बोला. कोणीतरी तुमच्यासाठी फुगा काढून केव्हाचे बसलेले असते.